दोन उलट, एक सुलट

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नोकरी, नवरा, मुलं हे सगळं ग्रुपवर येऊन गेलंय. म्हणून मी माझ्या हृदयाबद्दल बोलते.

एक्केचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली. वजन, वय, हिमोग्लोबिन असं सगळं झाल्यावर एका डॉक्टरांनी ईसीजी पाहून विचारलं, "हार्ट अटॅक कधी येऊन गेला?" तो कधीच आला नव्हता. मग इको, मग एमआरआय. निदान निघालं 'करेक्टेड ट्रान्सपोझिशन'. माझ्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांची जन्मापासूनच अदलाबदल झालेली, आणि त्यांतून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांचीही. दोन उलट मिळून सुलट! रक्त जिथे जायचं तिथेच जातं. आमच्या धंद्यात असे दोन बग एकमेकांना झाकतात आणि टेस्टिंगमध्ये काही सापडतच नाही. रोकिटान्स्की यांनी १८७५ मध्ये याचं वर्णन केलं. जन्मजात हृदयदोषांत याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. बाई, तुम्ही फळ्यावर काढलेली आकृती माझ्यापुरती चुकीची होती!

गोम अशी, की उजवा कप्पा फक्त फुप्फुसापर्यंत रक्त ढकलण्यासाठी घडलेला असतो. माझ्यात तो सगळ्या शरीराला पुरवतो. वर्षानुवर्षं निभावतो, मग थकतो, त्याची झडप गळू लागते. ठोक्याचा संदेश नेणारी वाटही नाजूक असते. ती दरवर्षी साधारण दोन टक्के रुग्णांत तुटते. माझी गेल्या वर्षी तुटली. आता इथे, गळपट्टीच्या हाडाखाली, पेसमेकर आहे.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. आपल्यापैकी कुणाचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर 'तेव्हाच बरं झालं' म्हणून सोडू नका. फॅलोच्या दोषाचं ऑपरेशन उत्तम झालेल्यांचीही फुप्फुसाकडची झडप पुढे गळू शकते. आईकडे जुनी फाइल असेल तर ती आजच मागून घ्या. जन्मजात दोष जाणणारा तज्ज्ञ गाठा. तो बहुधा मुलांच्या विभागात भेटतो; मीही भिंतीवरच्या हत्ती-जिराफांखाली नंबराची वाट बघते.

झडपेचं काय करायचं ते पुढच्या इकोवर ठरेल. संध्याकाळी गाणी लागली की मी नाचणार आहे. धाप लागली तर बसेन. कुणी पाण्याची बाटली घेऊन धावू नका.