चव कुणाची, बाटली कुणाची?

(तोरणमाळ येथे कार्यकर्त्या व बचतगटातील स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला 'व्यसनमुक्ती आणि स्त्रिया' हा विषय दिला होता. त्यावर बोलायची माझी तयारीही होती. पण काल रात्री जेवणानंतर आपण शेकोटीपाशी बसलो तेव्हा जे बोलणे निघाले, त्यामुळे मी माझे टिपण बाजूला ठेवले आहे. आज मी दारूच्या चवीबद्दल बोलणार आहे. हसू नका. चव हासुद्धा सत्तेचा प्रश्न आहे.

काल काय झाले ते ज्या लवकर झोपल्या त्यांच्यासाठी सांगते. मी सहज विचारले, मोहाची दारू चांगली कशी ओळखायची? एकदम पाच-सहा जणी बोलू लागल्या. एक म्हणाली, फुले नीट वाळलेली हवीत, पावसात भिजलेल्या फुलांना कुबट वास येतो. दुसरी म्हणाली, विस्तव मंद हवा, घाई केली की करपट लागते. एका आजींनी सांगितले, पहिली धार देवाची आणि पाव्हण्यांची, नंतरची सौम्य धार आम्हा बायांची, तीच गोड लागते. एकीला मोह मुळीच आवडत नाही, तिला सकाळची ताजी ताडी आवडते. आणि पुण्याला नर्सिंग शिकणारी मुलगी हळूच म्हणाली की, तिने मैत्रिणींबरोबर लिंबाच्या स्वादाची बिअर प्यायली आणि ती तिला सरबतासारखी वाटली. आजी म्हणाल्या, मग सरबतच प्यायचे होते! खूप हशा झाला. तेवढ्यात मी वही काढली आणि सगळ्या गप्प झाल्या. एकजण म्हणाली, "ताई, हे लिहू नका. बाया पितात असं होईल."

मैत्रिणींनो, त्या गप्प होण्यात आपल्या चळवळीचाही हात आहे. आपल्या अहवालांत स्त्री आणि दारू हे दोन शब्द एकत्र येतात ते मारहाणीच्या संदर्भात. ते खरेच आहे, त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण त्यामुळे आपण एक चित्र पक्के केले: पुरुष पितो आणि बाई सोसते. फुले वेचणारी, ती वाळवणारी, भिजवणारी, भट्टीपाशी बसणारी, विकणारी आणि कधी स्वतः पिणारी बाई त्या चित्रातून पुसली गेली. तिला मत आहे, आवड आहे, हे आपण विचारलेच नाही.

हे फक्त सातपुड्याचे नाही. झारखंडच्या आठवडे बाजारात भाताची हंडिया बायाच करतात आणि बायाच विकतात. प्राचीन सुमेरमध्ये मद्याची निनकासी ही देवी होती, देव नव्हता. इंग्लंडमध्ये मध्ययुगात घरोघरी बिअर करायच्या त्या बायकाच. पुढे धंद्याला भांडवल लागू लागले, परवाने आणि व्यापारी संघ आले, आणि बायका बाजूला पडल्या. बेल्जियममध्ये आंबट चेरी घालून केलेली बिअर आज जगभर नावाजली जाते, आपल्याकडेही शहरांतून फळांच्या स्वादाची बिअर महाग विकली जाते. कुणाला आवडते, कुणी तिला बायकी म्हणून हिणवतात. 'कडक' ते पुरुषाचे, 'गोड' ते बाईचे, ही वाटणी जिभेने केलेली नाही, समाजाने केली आहे. सौम्य धार बायांना गोड लागते, की बायांच्या वाट्याला तीच येते म्हणून गोड लागते? आजींना हे मी विचारले. त्या म्हणाल्या, "दोन्ही."

आता आपल्या गावातल्या फळाच्या दारूकडे या. परवानाधारक देशी दारूच्या दुकानात काय मिळते? 'संत्रा'. गावात संत्रा म्हटले की फळ कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, बाटली येते. त्यात असतो तो कारखान्यातला मद्यार्क आणि वर स्वाद. म्हणजे आपल्याकडे फळाच्या स्वादाचे मद्य गरिबाने कितीतरी वर्षे प्यायले आहे, फक्त त्याला कुणी चोखंदळ म्हटले नाही. एकाच्या हातातली बाटली 'आवड' ठरते, दुसऱ्याच्या हातातली 'व्यसन'. दोन्हींनी यकृत बिघडते, हे मात्र लक्षात ठेवा.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. करून मी नव्यानेच कामाला लागले होते. एका पाड्यावर आम्ही बायांचा मोर्चा काढला आणि भट्ट्या फोडल्या. घोषणा दिल्या, फोटो काढले. एका झोपडीतली मडकी मीच फोडली. मागाहून कळले की ती बाई विधवा होती, दोन मुले होती, आणि सासरच्यांनी जमिनीतला वाटा दिला नव्हता. ती त्याच पैशांतून मुलांची पुस्तके घ्यायची. पुढच्या बैठकीला ती आली नाही. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला पाणी दिले आणि एवढेच म्हणाली, "दुकानावर का नाही गेलात?" दुकान रस्त्यावर होते, परवान्याचे होते, तिथे मोर्चा न्यायचा तर कागद लागत होते. झोपडीत जायला काहीच लागत नव्हते. मी सोपे होते ते केले, आणि त्याला लढा म्हटले.

म्हणून दारूबंदीची चळवळ चुकीची होती असे मी म्हणते का? मुळीच नाही. हा डोंगर उतरले की शहादा आहे. तिथे श्रमिक संघटनेच्या काळात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, आदिवासी शेतमजूर बाया गावोगाव फिरल्या, त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडा असे सांगितले आणि हजारो आदिवासींनी ऐकले. दारूपायी जमीन सावकाराकडे जाते, हे लोकांना दिसत होते. फरक इतकाच की तिथे निर्णय त्यांचा होता. माझ्या मोर्च्यात निर्णय माझा होता.

कायद्याचा इतिहासही बघा. मुंबई इलाख्यात इंग्रज सरकारने १८७८ साली अबकारी कायदा केला आणि १८९२ साली मोहाच्या फुलांवर निर्बंध आणणारा कायदा केला. उद्देश आरोग्य नव्हता, महसूल होता. घरची दारू बंद झाली की दुकानाची खपते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यातही घरची भट्टी गुन्हाच राहिली. २०२१ साली राज्य शासनाने मोहाची फुले गोळा करण्यावरचे व साठवण्यावरचे निर्बंध उठवले. २०२२ साली मोहाची फुले, काजू बोंडे यांपासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचे मंत्रिमंडळाने ठरवले. सातपुड्यातले फूल आणि दर्जा विदेशी! नर्मदेपलीकडे अलिराजपूरला बचतगटाच्या भट्टीतली मोहाची दारू 'वारसा' म्हणून बाटलीत भरली जाते. तिकडे आदिवासींना घरच्या वापरापुरती ठराविक दारू गाळायची मुभाही आहे.

इथे तोरणमाळलाही पर्यटक वाढले आहेत. यशवंत तलाव बघून झाला की ते 'ओरिजिनल मोहाची' विचारतात. पैसे मिळतात म्हणून काही जण गूळ आणि नवसागर घालून लवकर माल काढतात. आजींच्या भाषेत त्याला ना वास, ना चव. आणि हे फक्त चवीपुरते नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉलमुळे. खात्रीची चव ओळखणारी माणसे धंद्यातून गेली की ग्राहकाला आपण काय पितो ते कळत नाही.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? काल आपल्यात तीन मते होती. काही म्हणाल्या, सगळी बंद करा. काही म्हणाल्या, देवाची आणि लग्नाची ठेवा, विक्री बंद करा. काही म्हणाल्या, बचतगटाला परवाना द्या, पैसा तरी बाईच्या हातात येईल. तिसऱ्या मताची मला भीती वाटते, कारण ज्या घरात भट्टी असते तिथे उधारीवर पिणारा नवराही असतो. पण ते मत फेटाळण्याचा अधिकार मला एकटीला नाही.

अधिकार आहे तो तुम्हाला. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी, नियमन किंवा निर्बंध यांचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तीन शब्द आहेत ते, फक्त 'बंदी' नाही. परवान्याच्या दुकानासाठी २००८ चा शासन निर्णय आहे: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येते आणि निम्म्याहून अधिक मते पडली की बाटली आडवी होते. त्या विधवा बाईच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. पण ग्रामसभेत जायच्या आधी आपली बायांची वेगळी बैठक व्हावी. तिथे पिणारीनेही बोलावे, गाळणारीनेही आणि मार खाणारीनेही. अनेकदा ती एकच बाई असते.

आणि मी वही काढली तर गप्प बसू नका. मीही चाखली आहे. मला आवडली नाही, घशात जळजळ झाली. आजी म्हणतात, ती चांगली नव्हती. असेलही. पण पितो कोण, मार खातो कोण आणि पैसा मोजतो कोण, हे तीन प्रश्न प्रत्येक बाटलीला विचारा, मग ती मोहाची असो, संत्र्याची असो की लिंबाची.

आता मी थांबते. आजींनी बोलावे.