रक्तदान आणि रक्तातली चरबी

शिवजयंती असो वा आंबेडकर जयंती, जालना, अंबड, परतूर, भोकरदन इथं रक्तदान शिबिरं भरतात. तिथं एक समज हमखास ऐकू येतो, रक्त दिलं की कोलेस्टेरॉल उतरतं. नियमित रक्तदात्यांची चरबी आटोक्यात दिसली, तरी त्याचं श्रेय लगेच रक्तदानाला देऊ नये. हिमोग्लोबिन साडेबारा आणि वजन किमान 45 किलो असल्याशिवाय रक्त घेतच नाहीत. म्हणजे वारंवार देणारे मुळातच निरोगी असतात. चरबीचं गणित मुख्यतः यकृत, आहार आणि अनुवंश ठरवतात.

रक्तपेढीत पिशवीतल्या लाल पेशी खाली बसल्या, की वर पिवळसर, पारदर्शक प्लाझ्मा दिसतो. दात्यानं येण्याआधी भजी-वडे चापले असतील, तर चरबीमुळे तोच प्लाझ्मा दुधासारखा गढूळ होतो. मग चाचण्यांत अडथळा येतो, आणि तो प्लाझ्मा बहुधा टाकून द्यावा लागतो. एवढ्या मनापासून दिलेलं दान असं वाया जावं, याचं फार वाईट वाटतं.

दान केलेल्या रक्तात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया तपासतात, चरबी नाही. म्हणून पहिल्यांदा रक्त देणारे असा वा जुनेजाणते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं लिपिड प्रोफाइल वेगळं करून घ्या. एकूण कोलेस्टेरॉल 200च्या आत, ट्रायग्लिसराइड 150च्या आत असावं. पुरुषांनी 90, महिलांनी 120 दिवसांचं अंतर ठेवावं. आणि शिबिराला उपाशी येऊ नका. भाजी-भाकरी खाऊन, भरपूर पाणी पिऊन या.