गिलावा आणि विनोद

"घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून," असं आपले वाडवडील सांगून गेले. राहत्या घराची दुरुस्ती करून पाहावी, असं मात्र कोणी सांगितलं नाही. घर बांधणारा निदान भाड्याच्या जागेत सुखानं झोपतो. दुरुस्ती करणाऱ्याला वाळूच्या ढिगाशेजारी अंथरूण घालावं लागतं.

आमचं पुण्यातलं घर आजोबांच्या वेळचं, विटांचं आणि चुन्यातलं. पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला ओल आली, आणि सौभाग्यवतींना उभ्यानं स्वयंपाक करण्यासाठी ओटा हवा होता. पंधरा दिवसांचं काम दोन महिने झाले तरी संपेना. स्वयंपाकघर ओसरीवर आलं, ओसरी अंगणात गेली, आणि माझी पुस्तकं पलंगाखाली. चहात सिमेंट आहे की सिमेंटात चहा, हे चवीवरून ओळखावं लागे.

अशाच एका शनिवारी संध्याकाळी आमचे एक स्नेही आले. विनोदी लेखक म्हणून पुष्कळ लोक त्यांना ओळखतात. पण नाव सांगायचं नाही, या अटीवरच त्यांनी ही हकीकत सांगू दिली आहे. "चला, पर्वतीवर जाऊ," म्हणाले. मी मनात म्हटलं, बरं झालं, दोन घटका हसणं तरी होईल.

पायऱ्या चढताना बोलत होतो मीच. सुतार कसा सांगितलेल्या दिवशी येत नाही, आई कशी प्रत्येक गोष्टीत आडवी येते, आणि मिस्त्रीनं केलेला नवा सिमेंटचा गिलावा महिनाभरात कसा पापुद्र्यासारखा सुटला. या आठवड्याची त्याची मजुरीच मी अडकवून ठेवली आहे, हेही ठसक्यात सांगितलं. सगळं अगदी रंगवून सांगितलं. गृहस्थ हसले नाहीत.

वर जाऊन बसल्यावर म्हणाले, "मास्तर, तुमच्या गोष्टीत सगळे मूर्ख आहेत, एक तुम्ही सोडून. अशी गोष्ट लोक ऐकून घेतात, हसत नाहीत. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवीत, म्हणजे तुमच्यासारखेच प्राध्यापक. पण त्यांचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतो. १९६४ साली 'असा मी असामी' आलं; त्यातला धोंडो भिकाजी जोशीही तसाच. दुसऱ्याची टोपी उडवायची तर आधी आपली काढून ठेवावी लागते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बरं, सिमेंट लावायचं ठरवलं कोणी?"

मी गप्प. कारण पहिल्याच दिवशी आई म्हणाली होती, "चुन्याच्या भिंतीला चुनाच लाव." मिस्त्रीही तेच म्हणाला होता. मीच त्याला ऐकवलं होतं, "पक्कं काम हवं मला." दोघांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हे पुढं मी वाचून काढलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, पण भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा थर ती आत कोंडतो. मग मागं क्षार फुलतात आणि गिलावा सुटतो. मिस्त्रीनं हे पुस्तकात वाचलं नव्हतं, अशा भिंतींवर आयुष्यभर काम करून ओळखलं होतं.

परत आलो तो मिस्त्री दारातच उभा. शनिवार, मजुरीचा दिवस. मी पैसे मोजून दिले, मागचेही आणि या आठवड्याचेही, आणि म्हटलं, "मिस्त्री, चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." त्यानं पैसे खिशात घातले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सोमवारी कळीचा चुना विरायला घालतो. पण घाई करू नका."

आई ओसरीवर भाजी निवडत होती. पर्वतीवरचा सगळा प्रकार मी तिला सांगितला, या वेळी मूर्खाचं काम माझ्याकडे घेऊन. ती इतकी हसली की हातातली मेथी खाली पडली. दोन महिन्यांत ती प्रथमच हसत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

चुन्याचा गिलावा आता वाळतो आहे. ओटा व्हायचा आहे. त्याची उंची किती ठेवायची, हे मात्र मी सांगणार नाही. ज्यांना तिथं उभं राहायचं आहे, त्या सांगतील.