जुन्या स्पोर्ट्‌स कारचे शॉकअप्सर
(उत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावर बहुधा आरोग्य, गुंतवणूक नाहीतर अध्यात्म यांवर बोलले जाते. मला समितीने "तुमच्या हातातले काहीतरी सांगा" असे म्हटले, म्हणून आज जरा तेलकट विषय आणला आहे.

माझे मेव्हणे इंग्लंडात लेस्टरला असतात. त्यांच्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे, दोन आसनी, उघड्या टपाची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. आपली अँबॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तेव्हा दोघी माहेरच्या नात्यातल्याच. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनल्या. मागच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा ही गाडी एका खड्ड्यानंतर होडीसारखी डुलत राहायची.

तिकडे ४० वर्षांवरच्या, मूळ रचना फारशी न बदललेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे दोष दाखवणारे कोणी नाही. मेव्हणे नातीला शेजारी बसवून फिरायचे. सौ.ने सरळ सांगितले, "दादा, हे नीट होईपर्यंत तिला नेऊ नकोस." त्यांनी निमूट किल्ली खुंटीला लावली.

स्प्रिंग धक्का झेलते, पण नंतर स्वतःच उसळत राहते. शॉकअप्सर आतले तेल बारीक झडपेतून ढकलून ती उसळी उष्णतेत जिरवतो. आपल्या गाड्यांत तो नळीसारखा असतो. एमजीबीत तो ओतीव डबीसारखा असून बाहेर दांडा असतो. पुढच्या चाकाला हा दांडाच सस्पेन्शनची वरची भुजा आहे! म्हणजे डबीतला आस झिजला की तेल तर गळतेच, शिवाय चाकही वरून हलू लागते.

मेव्हण्यांना नळीचे आधुनिक शॉकअप्सर हवे होते. "भाऊजी, बाजारात तयार संच मिळतो," म्हणाले. माझा विरोध होता. अशा बहुतेक संचांत पुढची जुनी डबी निव्वळ बिजागरी म्हणून तशीच ठेवावी लागते. झीज असेल तर ती राहतेच. त्यापेक्षा जुनी डबी देऊन दुरुस्त केलेली घ्यावी. तिकडे अशी अदलाबदल सर्रास चालते. घ्यायच्या मात्र जोडीने, डावी-उजवी एकदम.

आता जपण्याची गोष्ट. वरची भुजा सोडताच दाबलेली स्प्रिंग बंधनातून सुटू पाहते. म्हणून गाडी आधी भक्कम स्टँडवर घ्यायची, चाक काढायचे, स्प्रिंगच्या खालच्या ताटलीखाली जॅक लावून वजन तोलून धरायचे आणि मगच वरची पिन काढायची. काम संपेपर्यंत तो जॅक हलवायचा नाही. मेव्हण्यांना मी त्या बाजूला फिरकू दिले नाही. ते रागावले, पण चहा वेळेवर आणत होते. मोकळा झालेला हब तारेने बांधून ठेवावा, नाहीतर ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. मग डबीचे चार बोल्ट.

नवी डबी उभीच ठेवावी. बसवण्यापूर्वी दांडा सावकाश वरखाली करावा, म्हणजे आतली हवा निघते; दांडा मध्येच सैल लागला तर हवा आहे असे समजावे. तेल डॅम्परचेच घालावे, इंजिनचे नाही. टोपण उघडण्याआधी भोवतालची माती पुसावी. एक कण झडपेत अडकला की सगळे पुन्हा.

मागचे काम सोपे: दोन बोल्ट आणि खालचा दुवा. खडखडाट पुष्कळदा त्या दुव्याच्या झिजलेल्या रबराचा असतो.

दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी गाडीचा प्रत्येक कोपरा दाबून सोडला. एकदा वर आला आणि स्थिरावला. सौ.नेही एक कोपरा दाबून पाहिला, मगच किल्ली नातीच्या आजोबांना मिळाली.

कोणाला आपल्या गाडीबद्दल विचारायचे असेल तर मी प्रसाद घेऊन मंडपामागे उभा आहे.