माथेरानची वाट कुणासाठी?

(कर्जत तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मी हा विषय सुचवला तेव्हा काही साथींनी शंका घेतली. महागाई आहे, बेकारी आहे, शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे. हे सारे सोडून थंड हवेच्या ठिकाणी जाण्यायेण्याची सोय कशी असावी, यावर कार्यकर्त्यांनी डोके का शिणवावे? शंका रास्त आहे. पण माथेरान हे सुटीचे ठिकाण आहे ते येणाऱ्यांसाठी. राहणाऱ्यांसाठी ते गाव आहे. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती साडेचार हजारांच्याही आत भरली. त्याखेरीज भोवतालच्या उतारांवर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. तेथील माणसे रोज सकाळी डोंगर चढून कामाला येतात आणि संध्याकाळी उतरून घरी जातात. म्हणून माथेरानची वाट कशी असावी हा पर्यटन खात्यापुरता प्रश्न नाही. तो श्रमाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे.

थोडा इतिहास पाहू. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान शोधून काढले, असे सांगण्याचा प्रघात आहे. ज्यांच्या पायवाटांनी साहेब वर चढले असतील त्या डोंगरवासीयांना हे ठिकाण आधीच ठाऊक होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. पुढे सर आदमजी पीरभॉय यांचे भांडवल आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून १६ लाख रुपये खर्चून नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रुळांची रेल्वे उभी राहिली. काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. सुमारे २१ किलोमीटरची ही वाट त्या काळी खाजगी पैशाने बांधली गेली. आज ती मध्य रेल्वेकडे, म्हणजे जनतेच्या मालकीची आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंत येतात आणि तेथे थांबतात. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढे मोटारीला मज्जाव आहे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि या बंधनाला कायद्याचे बळ मिळाले. याबाबत आपली भूमिका नि:संदिग्ध असली पाहिजे. ही बंदी उठवा, असे आपण म्हणणार नाही. मोटार एकदा वर शिरली की तिच्यामागून वाहनतळ येतील, जमिनीचे दलाल येतील आणि जांभ्याच्या लाल मातीवरचे ते जंगल पाहता पाहता विरळ होईल. स्वित्झर्लंडमधील झरमॅट या डोंगरी गावाने हाच निर्णय घेतला आहे. तेथे मोटारी पाच किलोमीटर अलीकडे तेश येथे थांबतात, पुढचा प्रवास रेल्वेने होतो आणि गावात विजेवरची छोटी वाहने चालतात. मोटार नाकारणे म्हणजे मागासलेपण नव्हे.

परंतु झरमॅटमध्ये माणूस माणसाला ओढत नाही. माथेरानात ओढत आला. दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर अंतर, पायाखाली धोंडे, पावसाळ्यात निसरडा चिखल. त्यावरून दोन माणसे बसलेली हातरिक्षा एकाने पुढून ओढायची आणि एकाने किंवा दोघांनी मागून ढकलायची. आपण माथेरानच्या शांततेचे आणि स्वच्छ हवेचे कौतुक करतो. त्या शांततेची किंमत कुणाच्या छातीच्या भात्यातून वसूल होत होती, याचा हिशेब आपल्यापैकी कितीजणांनी मांडला?

माझाच अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वृद्ध सहकाऱ्यांना घेऊन मी माथेरानला गेलो होतो. त्यांचे गुडघे दुखत होते. तरीही माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. हातरिक्षावाला पन्नाशीचा असावा. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बसला नाहीत तर माझी आजची फेरी गेली. तुमचं तत्त्व राहील, माझ्या घरी काय नेऊ?" त्यावर आम्हा दोघांपाशीही उत्तर नव्हते. अखेर त्यांनी त्याच्या हाती पैसे ठेवू पाहिले, ते त्याने घेतले नाहीत. आम्ही तिघेही चालत बाजारापर्यंत गेलो. रिकामी रिक्षा तो ओढत होता.

त्या दिवशी एक गोष्ट मला नीट उमगली. अन्यायाच्या गाडीत न बसणे हे आपल्या मनाच्या समाधानासाठी ठीक आहे, पण तेवढ्याने गाडी ओढणाऱ्याची सुटका होत नाही. पर्याय उभा करावा लागतो आणि तो त्याच्या हाती द्यावा लागतो.

हा पर्याय हातरिक्षा चालकांच्या संघटनेने स्वत:च मागितला, हे विशेष. विजेवर चालणारी रिक्षा आम्हाला चालवू द्या, ही मागणी घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सात ई-रिक्षा धावू लागल्या. विद्यार्थ्यांना सवलतीचे भाडे होते. दप्तर पाठीला लावून रोज ही पायपीट करणाऱ्या मुलांना तो केवढा दिलासा होता! पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्याखुऱ्या हातरिक्षा चालकांना भाडेतत्त्वावर द्याव्यात, खरे चालक कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावे, उरलेल्या रिक्षा आदिवासी महिला व इतरांना द्याव्यात आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले.

निकालाचे स्वागत करून आपण घरी बसलो तर मात्र फसगत होईल. या निकालात १९८० च्या एका जुन्या निवाड्याची आठवण काढली आहे. पंजाब सरकारने कायदा केला होता की, सायकलरिक्षाचा परवाना जो स्वत: ती चालवतो आणि जो तिचा मालक आहे त्यालाच मिळेल. हेतू उत्तम होता. पण भाड्याची रिक्षा ओढणारा गरीब माणूस मालक व्हायचा कसा? अमृतसरचे रिक्षा चालक न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा नुसता उचलून धरला नाही की रद्दही केला नाही. चालकांना बँकेचे कर्ज मिळून रिक्षा त्यांच्या मालकीची व्हावी, अशी योजना त्यांनी घडवून आणली. कसेल त्याची जमीन, हे आपण आयुष्यभर म्हणत आलो. चालवील त्याची रिक्षा, हे त्याच न्यायाने येते.

म्हणून भाडेतत्त्व ही पहिली पायरी समजा. परवानाधारक हातरिक्षा शंभराच्याही आत आहेत. एवढ्या माणसांची सहकारी संस्था उभी करणे अवघड नाही. संस्था नसेल तर काय होते हे आपण अनेक ठिकाणी पाहिले आहे. कागदावर नाव श्रमिकाचे असते, गाडीमागचा पैसा हॉटेलवाल्याचा किंवा ठेकेदाराचा असतो, आणि काल स्वत:ची हातरिक्षा ओढणारा आज दुसऱ्याच्या ई-रिक्षेवर रोजंदारीने बसतो. घाम कमी होतो, गुलामी तशीच राहते.

आता रेल्वेकडे वळू. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यानंतर सेवा थांबली आणि पूर्ण मार्ग खुला व्हायला २०१८ उजाडले. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान झाले, आणि नेरळहून गाडी निघायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. वर अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी चालते. गाडी बंद पडली की सारा भार घाटरस्त्यावर पडतो आणि दस्तुरीला मोटारींची दाटी होते. मोटारबंदीचा खरा आधार ही रेल्वे आहे. तिच्याकडे मुलांच्या खेळण्यातली गाडी म्हणून न पाहता सार्वजनिक सेवा म्हणून पाहिले पाहिजे. शटलच्या वेळा शाळेच्या, बाजाराच्या आणि कामगारांच्या पाळीच्या वेळांशी जुळल्या पाहिजेत. गावाचा किराणा, भाजी आणि गॅसच्या टाक्या वाहण्यासाठी तिचा पुरेसा वापर झाला पाहिजे.

घोडेवाल्यांना मात्र भीती वाटते. माथेरानात चारशेहून अधिक घोडे आहेत आणि त्यांवर कित्येक घरे जगतात. ई-रिक्षा आली की आपला धंदा बुडेल, असे त्यांना वाटते. एका श्रमिकाच्या मुक्तीसाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे आपले काम नव्हे. ई-रिक्षा दस्तुरी ते बाजार या मार्गापुरती ठेवावी आणि निरनिराळे पॉइंट पाहण्याच्या वाटा घोड्यांकडे व पायी चालणाऱ्यांकडे राहाव्यात. न्यायालयानेही दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा दिली आहे. आतील वाटांवर नाही, आणि खाली काँक्रीटचा थरही नाही. ही मर्यादा सर्वांच्याच हिताची आहे.

आणि शेवटी त्या आदिवासी भगिनी, ज्या डोक्यावर ओझे घेऊन वाडीतून वर येतात. त्यांच्या वाटेचा उल्लेख पर्यटनाच्या कुठल्या नकाशात असतो? ई-रिक्षेत त्यांचा वाटा न्यायालयाने मान्य केला आहे. तो त्यांना मिळतो की त्यांच्या नावावर दुसराच कुणी घेतो, हे पाहणे आपले काम आहे.

तेव्हा साथींनो, या वर्गातून उठताना तीन कामे घेऊन उठा. हातरिक्षा चालकांची यादी मागवा आणि ती घरोघर जाऊन पडताळा. चालक, घोडेवाले आणि वाड्यांतील स्त्रिया यांना एका बैठकीत समोरासमोर बसवा. आज ते एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. आणि सहकारी संस्थेच्या नोंदणीचे कागद तयार करा. सुटीला येणारा पाहुणा दोन दिवसांत परत जातो. डोंगर रोज चढणाऱ्याला ती वाट सुसह्य झाली, तर पाहुण्याला ती आपोआपच सुखाची होईल.