टॅरोचा कॅट आणि सावंतवाडीच्या गंजिफा



एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्याला आहे आणि दुसरा डोंबिवली पूर्वेला. दोन्हीकडं आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या फाटकांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोळीभाजीचे डबे, योगासनांचे वर्ग, ब्लाउज शिवून मिळतील अशा जाहिरातींच्या जोडीनं हल्ली आणखी एक जाहिरात दिसते : टॅरो कार्ड रीडिंग. पुष्कळ जण, विशेषतः तरुण मुलं-मुली, तिथं जाऊन येतात. काही जण हलके होऊन येतात, काही घाबरून येतात. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे माझं लक्ष आधी त्या पत्त्यांवरच्या चित्रांकडं गेलं. टॅरोचा पत्ता म्हणजे कुणा माणसानं हातानं काढलेलं चित्र आहे. ते नीट पाहिलं, कुणी आणि कशासाठी काढलं हे समजलं, तर त्याला भ्यायचं कारण उरत नाही. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते याबद्दल.

आपल्या घरातल्या कॅटात ५२ पत्ते असतात, टॅरोच्या कॅटात ७८. त्यातले ५६ आपल्या ओळखीच्या घराण्यातले. इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर यांच्या जागी तलवारी, पेले, नाणी आणि काठ्या असे चार रंग. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. म्हणजे आपल्यापेक्षा एक घोडेस्वार जास्त. टॅरो वाचणारे या भागाला मायनर आर्काना म्हणतात. पेल्यांचा रंग मनाचा, मायेचा, नात्यांचा. तलवारींचा रंग विचारांचा, वादाचा, मनाला लागलेल्या टोचणीचा. काठ्या म्हणजे उमेद, कामाचा झपाटा. नाणी म्हणजे पैसा, घरदार, शरीराची स्थिती. एक्का पडला तर सुरुवात, दश्शी पडली तर ती गोष्ट टोकाला पोचली, असा ढोबळ हिशेब. पत्ता उलटा पडला तर काही जण त्याचा अर्थ फिरवतात, काही जण उलट-सुलट मानतच नाहीत.

उरलेले २२ पत्ते म्हणजे मेजर आर्काना. जादूगार, सम्राज्ञी, रथ, न्याय, कंदील घेऊन उभा असलेला बैरागी, दैवाचं चाक, मनोरा, तारा, चंद्र, सूर्य आणि शेवटी २१ क्रमांकाचं जग. त्यांच्या आधी शून्य क्रमांकाचा भोळा पोरगा. खांद्यावर गाठोडं, हातात पांढरं गुलाब, पायाशी कुत्रं, पुढं कडा आणि नजर आभाळात. घर सोडून नव्या वाटेला लागलेल्या माणसाचं हे चित्र आहे, आणि त्याचा अर्थही तोच सांगतात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या वाट्याला १३ क्रमांकाचा पत्ता आला. त्याचं नाव मृत्यू. वाचणाऱ्या बाई म्हणे बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, घरातल्या मोठ्या माणसाला जपा, आणि एक शांत करून घ्या. शांतीचा खर्च ऐकून मुलगी रडत घरी आली. तिचे वडील आधीच मधुमेहानं बेजार. त्या घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही.

मी तिला तोच पत्ता फोनवर मोठा करून दाखवला. पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा आहे, हे खरं. पण त्याच्या हातात शस्त्र नाही, काळं निशाण आहे आणि निशाणावर पांढरं गुलाब. घोड्याखाली राजा पडलाय. एक धर्मगुरू हात जोडून समोर उभा आहे. एक तरुणी तोंड फिरवून बसली आहे. आणि तिच्याजवळ एक लहान मूल गुडघे टेकून, न भिता, वर बघतंय. मागं नदी वाहते आहे, तिच्यात होडी आहे. दूर दोन बुरुजांच्या मधून सूर्य दिसतोय. टॅरो मनापासून शिकलेली माणसं या पत्त्याचा अर्थ सांगतात तो असा, की एक पर्व संपलं, दुसरं सुरू होतंय. नोकरी सुटणं, शिक्षण पुरं होणं, लग्न होऊन घर बदलणं, सगळं त्यात येतं. कुणाचा जीव जाणार, असं हा पत्ता सांगत नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर त्या खुर्चीवरून उठावं.

हे मी कळकळीनं सांगते आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झटले, तो त्याच वर्षी आपल्या राज्यात आला. नुसता ज्योतिषाचा सल्ला त्या कायद्यानं गुन्हा ठरवलेला नाही. पण अलौकिक शक्तीचा दावा सांगून माणसाला भीती घालणं, फसवणं, लुबाडणं त्यात बसतं, आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. घाबरलेल्या माणसाला हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं.

आता ही चित्रं काढली कुणी, ते सांगते. आज जगभर जो कॅट सर्वांत जास्त चालतो, तो डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर या प्रकाशन संस्थेनं काढला. आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचा हात. पुष्कळ वर्षं तो रायडर-वेट या नावानंच ओळखला गेला, म्हणजे प्रकाशक आणि लेखक. जिनं चित्रं काढली तिचं नाव त्यात नव्हतं. पामेलाचं बालपण मँचेस्टर आणि जमेकात गेलं. न्यू यॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या नामवंत छायाचित्रकारानं १९०७ साली आपल्या दालनात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. टॅरोची चित्रं तिनं काही महिन्यांत पुरी केली आणि त्याच स्टिग्लिट्झला पत्रातून कळवलं, की काम प्रचंड होतं आणि पैसे फारच थोडे. १९५१ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्यूड गावी ती वारली, तेव्हा ती कर्जात होती. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात तिनं आपली छोटी सही मात्र करून ठेवली आहे.

पामेलाचं मोठेपण त्या साध्या ५६ पत्त्यांत आहे. तिच्याआधी बहुतेक कॅटांत पेल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले. पामेलानं तिथं एक गोष्ट उभी केली. काळा झगा पांघरलेला माणूस खाली मान घालून उभा आहे. त्याच्यासमोर तीन पेले सांडलेत. पाठीमागं दोन पेले सरळ उभे आहेत, पण त्यांच्याकडं त्याची पाठ आहे. थोडं पलीकडं नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडं घर. ज्याचं नुकतंच काही हातचं गेलंय, अशा माणसापुढं हा पत्ता आला, की तो आपसूक बोलायला लागतो. माझ्या मते टॅरोची सगळी ताकद इथं आहे. चित्र बघून माणूस मनातलं बोलतो, समोरचा तासभर ऐकून घेतो. डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरणाऱ्या आणि रात्री दमून घरी येणाऱ्या माणसाला असा ऐकणारा कान मिळत नाही, म्हणून तो पैसे मोजून तिथं जातो. त्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र उद्या काय होणार, हे त्या पत्त्याला ठाऊक नसतं. पत्ते पिसल्यावर वर येईल तो येतो.

मुळात हे पत्ते भविष्यासाठी जन्मलेच नाहीत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारासारख्या दरबारांत, टॅरो खेळत असत. आपल्याकडं हुकूम बोलतात तसे ते २२ चित्रपत्ते, शून्याचा भोळा सोडून, म्हणजे कायमचे हुकूम, आणि दस्त करायचे. फ्रान्समध्ये हा खेळ आजही जोरात चालतो. १७८१ साली कूर द झेबलॅं या फ्रेंच विद्वानानं लिहिलं, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी युरोपात कुणालाही वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली, तोवर पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा धंदा पॅरिसमध्ये चांगला रुजला होता.

इजिप्तचा संबंध आहे, पण तो वेगळा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्ते युरोपात पोचले ते मामलुक सुलतानांच्या मुलखातून. त्यांचा एक हातानं रंगवलेला कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. रंग चार : पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या. युरोपातल्या लोकांना पोलो माहीत नव्हता, म्हणून त्यांनी नुसत्या काठ्या काढल्या. त्याच आज टॅरोत उमेदीच्या काठ्या झाल्या आहेत! त्या मामलुक पत्त्यांपैकी एकावर कंजिफा हा शब्द लिहिलेला आहे.

आणि इथं आपल्या कोकणाचा धागा लागतो, कारण कंजिफा म्हणजेच आपल्याकडच्या गंजिफा, हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफा ९६ पानांच्या. आपल्याकडं त्यांच्या दशावतारी गंजिफा झाल्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० गोल पानं. खेळणारे तीन. दिवसा रामाचा राजा असेल त्यानं खेळ सुरू करायचा, रात्री कृष्णाचा राजा असेल त्यानं. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाच रंगांत तीच सर्वांत हलकी. इतकं सगळं लक्षात ठेवून खेळायचं म्हणजे डोकं ताजं हवं.

भविष्य विचारायला आपल्या लोकांकडं दुसऱ्या वाटा होत्या. पहाटेचा पिंगळा होता, पोपटवाला होता, आणि कोकणात देवाला कौल लावत, आजही लावतात. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवायच्या, उजवी पडली की होकार. गंजिफा मात्र प्रामुख्यानं खेळायला होत्या.

मुंबईत राहून कलासमीक्षा लिहिणारे रुडॉल्फ फॉन लायडन यांनी या पत्त्यांचा मोठा संग्रह केला, त्यांवर पुस्तक लिहिलं. आणि सावंतवाडीत तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात गंजिफा रंगवायची कला अक्षरशः हातात धरून वाचवली. एका वृद्ध चितारींकडून ते स्वतः काम शिकले, राजवाड्याच्या दरबारात तरुण कारागीर बसवले. सत्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण काम चालू राहिलं, आणि अलीकडं सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्यापैकी पुष्कळांची गावं त्याच बाजूला. डोंबिवलीच्या अलीकडच्या दिव्याहून सावंतवाडीला थेट गाडी आहे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा मुलांना घेऊन मोती तलावाकाठच्या त्या राजवाड्यात जरूर जा. चितारी बायका-पुरुष तिथं कुंचल्यानं मत्स्य आणि कूर्म काढत बसलेले असतात. मुलांना त्यांच्याजवळ थोडा वेळ बसू द्या, आणि जमलं तर एक कॅट विकत घ्या. नियमांचा कागद मागून घ्या, घरी तिघं मिळून खेळता येईल.