खरखर कुठून येते?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला हॅम रेडिओवर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मी फक्त खरखरीवर बोलणार आहे. निवृत्तीनंतरचा माझा बराचसा वेळ तिनेच खाल्लाय.

आपला एक वर्गमित्र दापोलीकडे असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तिकडची वीज गेली, मोबाइल बंद पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गाडीच्या बॅटरीवर, ८० मीटर बँडवर मला हाका मारत होता. गावात वीजच नसल्यामुळे त्याला माझं बोलणं स्वच्छ ऐकू जात होतं. इकडे पुण्यात टाळेबंदी. घरात तीन लॅपटॉप, त्यांचे चार्जर, एलईडी दिवे. नुसत्या खरखरीनं मीटरचा काटा नऊवर! शेवटी मी मेन स्विच खाली ओढला. माझा रेडिओही बॅटरीवरच चालतो. सूनबाईंची मीटिंग तुटली, पण ‘आम्ही सगळे सुखरूप, ताईला कळव’ एवढं ऐकू आलं.

सूनबाई काही बोलल्या नाहीत. मात्र हा उपाय रोज चालणारा नव्हता.

चार्जरच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. त्यातून उठणारे पट पार ३.५ मेगाहर्ट्झपर्यंत आणि त्याही पुढे जातात. घरातली वायर मग त्यांची एरियल होते. म्हणून आधी चोर शोधायचा. मेन बंद करून रेडिओ बॅटरीवर लावायचा आणि एकेक एमसीबी वर करत जायचं. खोली कळली की साधा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे लावून प्रत्येक प्लगजवळ न्यायचा. आमच्याकडे मुख्य आरोपी निघाला देवघरातला स्वस्तातला एलईडी. सौभाग्यवतींची समजूत काढायला दोन दिवस लागले.

चार्जर फेकता येत नाहीत. त्यांच्या वायरीचे फेराइटच्या कड्यातून आठ-दहा वेढे घ्यायचे. नुसतं कडं ओवून फारसं काही होत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेढे दुप्पट तर अडथळा साधारण चौपट. (सर, बीजगणित शेवटी उपयोगी पडलं!) एरियलच्या केबललाही असेच वेढे द्यायचे, नाहीतर घरातली खरखर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आत येते.

सगळ्यात गुण आला तो ऐकण्यासाठी वेगळ्या लूप एरियलनं. तारेचं मीटरभर व्यासाचं कडं, गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात. फिरवत गेलं की एका दिशेला खरखर एकदम बसते. आता काटा पाचावर असतो.

उरलाय तो जिन्यातला दिवा. तो सोसायटीचा, म्हणजे ठराव आला. रविवारी मीटिंग आहे. तोवर कुणाला आपल्या घरातला चोर बघायचा असेल तर ट्रान्झिस्टर माझ्या पिशवीत आहे, जेवणानंतर मागून न्या.